जित्या माणसाला दोरी

डमी पाण्यात पडला आणि सारसोळ्याचे पाच धडधाकट पुरुष त्याच्या मागोमाग पाण्यात पडले.

होडीत औषधालाही कुणी उरलं नाही. गोणपाटात थर्माकोल भरून केलेला तो डमी. एकाने त्याची मान धरली, एकाने बखोट, आणि बाकीच्यांना धरायला काही सापडेना तेव्हा ते एकमेकांना धरून ओरडायला लागले. रिकामी होडी ओहोटीला लागून आपली आपण खारफुटीकडे निघाली.

जेट्टीवर उभ्या मालतीबाईने कपाळावर हात मारून घेतला.

"अरं मुडद्यांनो, होडी! होडी कोन धरनार? तुमचा आजा?"

सगळ्यात आधी वर आला तो तिचा नवरा, नामदेव. काखेत डमी, मिशीतून पाणी गळतंय, आणि तोंडावर असं हसू की जणू खाडीतून मोठा जिताडा मासाच मारून आणलाय.

"वाचला ना? मंग झालं तर."

शिकवायला आलेली राजश्री वहीबिही काही न घेता नुसती कमरेवर हात ठेवून उभी होती. मूळची नांदेडकडची पोरगी, आपत्तीच्या वेळी काय करायचं ते खाडीकाठच्या गावांना शिकवत फिरायची. "काका, मी काय सांगितलं होतं? आधी हाक मारा, मग दोरी टाका, मग होडी न्या, आणि काहीच जमलं नाही तर शेवटी उडी. तुम्ही शेवटचं पहिल्यांदा करायलेत!"

"अगो पोरी, बुडनारा काय तुजी यादी वाचून बुडतो?"

"एक बुडत होता. आता तुम्ही पाच जण पाण्यात आणि होडी गेली. खरं असतं तर मी कुणाकुणाला काढू?"

"तू काढनार आमाला? स्विमिंग पुलात पोहायला शिकलेली?" नामदेवचा पुतण्या रूपेश म्हणाला आणि सगळे खो-खो हसले.

मालतीबाई नाही हसली. तिचं सगळं लक्ष नवऱ्याच्या छातीकडे होतं. ती वरखाली होत होती, जरा जास्तच.

गेल्या दिवाळीत नामदेवला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. जन्मभर खाडीत जाळी टाकली, आता डॉक्टरने त्याच्या काळजात जाळी टाकली. गार पाण्यात उडी नको, दमायचं नाही, हे डॉक्टरने दोनदा सांगितलं, मालतीबाईने दोन हजारदा. पण खाडीत कुणी पडलं की फोन नामदेवलाच. पोलीस त्यालाच बोलावणार, गावही त्यालाच. आणि हा ताटावरून उठून पळणार. त्यानंतर खांदेश्वरचा एक पोरगा रोहित पक्ष्यांचे फोटो काढता काढता गाळात रुतून पाण्यात गेला. नामदेवने त्याला काढला खरा, पण काढून आणल्यावर स्वतःच काळानिळा पडून जेट्टीवर आडवा झाला. मालतीबाईने त्याच्या जिभेखाली गोळी सरकवली. दुसऱ्या दिवशी मात्र तिने सगळ्या आळीला सांगून टाकलं, "शिकायला जो येनार नाय, त्याची मासळी मी इकनार नाय."

आणि मासळी विकायची तर तिनेच. माहेर करावं गावचं, सासर सारसोळे, नेरुळच्या बाजारात तिचा ओटा. सोसायटीवाल्या बाया भाव पाडायला आल्या की ती कोळंबीची पाटी झाकून म्हणायची, "ताई, तुमी आज शेपूची भाजी करा." असल्या बाईशी कोण वैर घेणार? म्हणून पुरुष आले. आले, नारिंगी जॅकेटं अंगात घातली, एकमेकांचे फोटो काढले. पण दोरीला काही कुणी हात लावेना.

फेकायची दोरी चांगली पिशवीत भरलेली. एक टोक हातात धरायचं, पिशवी भिरकवायची, की झालं. लहान पोरालाही जमावं. रूपेश म्हणायचा, "काकी, ओली झाली की जड होते गो." दुसरा म्हणायचा, खांदा धरलाय. तिसऱ्याने पिशवी फेकली ती डोळे मिटून आणि मुद्दाम उलट्या बाजूला.

"काकू," राजश्रीने शेवटी तिला बाजूला घेतलं, "पोहता येतं, वल्हं येतं, जाळं तर असं फेकतात की बघत राहावं. मग दोरीचंच काय वाकडं आहे यांना?"

मालतीबाईला ते सांगायचाही कंटाळा आला होता.

"खाडीत मेलेला सापडला ना, की त्याला दोरी बांधून होडीमागून आनतात. मेल्याला दोरी, जित्याला हात. आमच्यात तसंच हाय. जित्या मानसावर दोरी टाकली तं खाडी म्हनते, हा माजा झाला."

"मग सांगायचं ना मला!"

"कोन सांगनार? इचार जा. म्हनतील, आमी असलं कायबी मानत नाय, आमी शिकलेले. रूपेशनं इमारत बांधली, घरात एसी लावला. पन हात बग त्याचा, दोरीला लागतोय का!"

ही काही पाठ देऊन सुटणारी गोष्ट नव्हती. खरी पंचाईत मालतीबाईचीच होती. पाऊस तोंडावर आलेला. होडीत बसून दोरी टाकायला नामदेवला कुणाचीच ना नव्हती, डॉक्टरचीही. पण दोरी टाकायची नाही म्हटलं की उडी आली. आणि उडी आली की...

पुढच्या रविवारी भरती चढत असताना परत डमी काढला. नामदेव होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, उभा राहिला. राजश्रीने डमी ढकलला आणि नामदेवचा हात आपसूक सदऱ्याच्या बटणावर गेला.

बस्स. मालतीबाईचं डोकं फिरलं. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट खोवला, जेट्टीच्या टोकाला गेली आणि धपकन पाण्यात.

"काकू!" राजश्री किंचाळली.

"वरडू नको. आता मी डमी." पाणी तुडवत ती ओरडली, "टाक रं दोरी!"

नामदेव गडबडला. "मालते, भाएर ये. लोकं बगतात."

"बगू दे. टाक दोरी."

"थांब, मी येतो." त्याने सदरा सोडायला घेतला.

"सदरा काढलास तं मी अशीच पोहत जाईन तिकडं उरनला! मग बस जन्मभर हातानं भाकऱ्या थापत!"

जेट्टीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. नामदेव नाही हसला. त्याचा आवाज खाली आला. "जित्या बायकोवर दोरी टाकू, मालते? काय बोलतेस ते कलतं का तुला?"

"सगळं कळतं." तिच्या तोंडात खारं पाणी गेलं, ती थुंकली. "तू उडी मारलीस नि पान्यात तुजी छाती बंद परली, तं मी तुला कशानं बांधून आनू? सांग ना! दोरीनंच ना?"

रूपेशने मान खाली घातली.

नामदेवने पिशवी उचलली. खाडीकडे बघून तो काहीतरी पुटपुटला आणि त्याने ती फेकली. पहिली पार अलीकडे पडली. "घरातला उंदीर तरी मारशील का असल्या नेमानं?" दुसरी थेट तिच्या डोक्यावर. "अरं, डोस्कं फोडलंस मेल्या!" पण दोरी तिने धरली होती. त्याने ओढायला घेतली, हातावर हात टाकत, जाळं ओढतात तशी. होडीला टेकली तशी त्याने वाकून तिचं मनगट धरलं आणि इतकं दाबून धरलं की बांगडी पिचकली.

"हातानं घेतली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "दोरीनं आनली, पन घेतली हातानं. बगितलं ना सगल्यांनी?"

"बगितलं, बगितलं. आता वर घेतोस का मना, का इथंच ठेवतोस?"

वर येऊन ती फळीवर बसली. गुडघा जेट्टीला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी सोलला होता, केसांत गाळ होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. माणूस कोरडा होता. डोक्यापासून पायापर्यंत कोरडा ठणठणीत, आणि श्वासही धिमा.

तिला वाटलं, आता तरी हा जरा गप्प बसेल. पण नामदेव नाळेवर उभा राहून दोरी परत पिशवीत भरत होता.

"रूपेश, तू उतर पान्यात. आणि दोरी कशी टाकायची ते नीट बगा रं, नुसतं जोर लावून नाय चालत. राजश्री, तू पन बग."

"अरं, तिनंच शिकवलं ना तुला!"

"तू गप, मालते. मना शिकवू दे."

मालतीबाईने लुगड्याचा पदर पिळला. ओट्यावर बोंबलाची पाटी तशीच पडली होती, उन्हात. आणि हा माणूस आता अख्खा पावसाळा गावाला दोरी शिकवत हिंडणार, घरचं एक काम म्हणून करणार नाही.