आईचा ब्रेक

परवा जळगावात एका गॅरेजपाशी ताज्या रंगाचा वास आला आणि मला धुळ्यातले सलीमचाचा आठवले. आमची जुनी मोटार रंगवताना त्यांनी वडिलांना सहज विचारलं, "नाना, पैशाची चिंताच नाही असं समजा. गाडी कशी बनवू?"

नाना मखमली सीटा, छताला खिडकी असं सांगत सुटले. आई एवढंच म्हणाली, "भाऊ, माझ्या बाजूलाही एक ब्रेक द्या."

नाना रुसले. चाचांनी मात्र आईच्या पायाशी खरंच एक पेडल बसवलं. चाळीसगावला जाताना प्रत्येक वळणावर ते दाबून आई म्हणायची, "वाचवलं बाई मी!"

पेडल कशालाच जोडलेलं नव्हतं. तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता लेक गाडी चालवते, तेव्हा मलाही तसंच एक हवं असतं.