हिला एक लाव

आधी हिराबाईचं नाव लिहिते. बाकीचं नंतर.

मढच्या कोळीवाड्यात तिचं घर. मालाडच्या बाजारात ती मासळी विकते. मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली. ओळखीच्या एका बाईबरोबर मासळी वाळवायच्या कामाला इथं आले. ती बाई दोन महिन्यांत गावी परत गेली. मी राहिले, कारण हिराबाई म्हणाली, "ऱ्हा हितं." एवढंच म्हणाली. पोटमाळ्यावर जागा दिली. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो तिनंच भरायला लावला. त्या दिवशी बाजार बुडवून ती शाळेच्या ऑफिसबाहेर माझ्याबरोबर बसून राहिली. मी दहावी झाले. काठावर, पण झाले.

आता काय झालं ते.

अंधेरीच्या एका कॉलेजात अकरावीला खेळाडूंसाठी थोड्या जागा असतात. मुलींच्या फुटबॉल टीमची निवड होती. जागा मिळाली तर कॉलेज, नाही तर परत मासळी. काठावरच्या टक्क्यांना दुसरीकडे कोण विचारतंय. हिराबाई बरोबर आली. डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली, कारण पुढे तिला बाजारात जायचं होतं. गेटवर वॉचमन म्हणाला, "टोपली आत नाही. वास मारतो."

"जा गो पोरी," हिराबाई म्हणाली. "मी हितंच हाय." आणि फुटपाथवर बसली.

आत हिरवं खोटं गवत. कडेला पालकांसाठी खुर्च्या, त्यांच्यावर पाण्याच्या बाटल्या. टेबलावर फॉर्म. उंची, आधीची शाळा, क्लब, पालकांचं नाव, पालकांचा व्यवसाय. निवड करणारे सर फॉर्म वाचायचे आणि बोटं दाखवायचे. बाजूच्या मॅडम तेवढे सोनेरी स्टार मुलीच्या छातीवरच्या पट्टीला चिकटवायच्या. पाच म्हणजे नक्की. तीन म्हणजे बघू.

माझ्या फॉर्मवर शाळेच्या जागी 'सतरा नंबर'. क्लबच्या जागी रेघ. आडनाव वाचून सरांनी एकदा वर पाहिलं.

"पालक आलेत?"

गेटच्या जाळीतून हिराबाईची पाठ दिसत होती.

"नाही सर," मी म्हणाले. पालकांचे दोन्ही रकाने मी कोरे सोडले होते.

सर मॅडमना म्हणाले, "हिला एक लाव. मोकळी नको दिसायला."

मागच्या मुली हसल्या. मॅडमनी एक स्टार लावला. आणि मी काय म्हणाले? "थँक्यू मॅडम."

ते थँक्यू अजून माझ्या घशात आहे.

लांब किक मारायला लावली. माझी जमिनीवरूनच गेली. हेडिंगला बॉल कपाळाऐवजी नाकावर बसला. सर म्हणाले, "बघा, एकच बरोबर होता."

माझा बॉल वर का उठत नाही, ते सांगते. कोळीवाड्यात बोंबील वलांडीवर वाळतात. वलांडी म्हणजे बांबूचे खांब रोवून मधे दोऱ्या बांधलेल्या, रांगेनं. आम्ही त्या खांबांच्या मधे खेळायचो. बॉल उडाला, दोरीला लागला, की बोंबील वाळूत. मग त्या दोरीची मालकीण खेळ बंद करायची, कधी आठवडाभर. म्हणून बॉल जमिनीला चिकटवून ठेवायचा. मान वर ठेवायची, नाही तर खांब खांद्यात बसतो. पहिल्या वर्षी माझे दोन्ही खांदे काळेनिळे होते. पोरं ओरडायची, "ए हिंगोली, बॉल काय बघतेस, तो कुठं पळून जातोय? खांब बघ." त्यांना एक भिडू कमी पडायचा म्हणून मला घेतलं होतं. नंतर मला आधी मागायला लागले.

या शिकण्याला फॉर्मवर रकाना नव्हता.

शेवटी मॅच. चार-पाच स्टारवाल्या एका बाजूला. सर म्हणाले, "उरलेल्या तिकडे." गोलकीपर कमी होती म्हणून कॉलेज टीमची कॅप्टन आमच्याकडून उभी राहिली. बारावीतली, दणकट.

पलीकडे पाच स्टारची एक उंच मुलगी होती. खोटं का बोलू, भारी खेळायची. दोन गोल तिनंच मारले. पण तिच्या बाजूच्या चार स्टारवाल्या दोघी पायाखालच्या बॉलकडे बघत पळत होत्या, आणि मला समोर खांब दिसायला लागले. माणसांचे खांब. दोन खांबांमधून बॉल काढायचा, तिसऱ्याच्या आधी सोडायचा. एवढंच मी केलं. दोनदा केलं. दोन्ही वेळा आमच्यातल्या एका दोन स्टारवालीनं गोल मारला. मॅच दोन-दोन सुटली.

कॅप्टन बाटली तोंडाला लावून माझ्या शेजारी बसली. माझ्या पट्टीकडे बघून म्हणाली, "एक? मला दोन होते."

"तुला?"

"मग काय. निवडलेल्यांची नावं आणि स्टार, असा चार्ट लावतात ना ऑफिसबाहेर. तेव्हा जिला पाच होते ती दिवाळीनंतर यायचीच बंद झाली. पण जुना चार्ट काढून कोण बघतंय यार."

तेवढ्यात सरांनी मला टेबलापाशी बोलावलं. माझा फॉर्म त्यांच्या हातात होता.

"बरी खेळलीस. तीन करतो तुझे. पण हे कोरं चालत नाही." त्यांनी पेन पुढे केलं. "पालक लिही. व्यवसाय काहीतरी नीट लिही. बिझनेस लिही, काय?"

म्हणजे तीन होणार होते. खेळून नाही, तो रकाना नीट भरून. तेव्हा मला कळलं की सकाळचा तो एक स्टारसुद्धा बॉलला पाय लागायच्या आधीच लागला होता. आणि तो लावून घ्यायला मी बाहेर बसलेली बाई आलीच नाही म्हणाले होते.

मी पेन घेतलं. पालक: हिराबाई. व्यवसाय: मासे विकते. अक्षर माझं वाईट आहे, म्हणून मोठं लिहिलं.

"सर, त्या आल्यात. गेटवर बसवलंय त्यांना. मघाशी मी खोटं बोलले."

सर म्हणाले, "अगं, ते आता महत्त्वाचं नाही."

"मला आहे."

छातीवरचा स्टार काढला आणि फॉर्मवर, त्या रकान्याच्या शेजारी चिकटवला. "हा पण ठेवा," म्हणाले. वाटलं, गेली जागा, वाट लागली. पण या वेळी थँक्यू म्हणाले नाही.

बाहेर येऊन हिराबाईला सगळं सांगितलं. ती आली नाही असं सरांना म्हणाले, तेसुद्धा. तिनं उठून डोक्यावर चुंबळ ठेवली. मग म्हणाली, "टोपली उचलायला हात लाव." मी लावला. बाजारापर्यंत बरोबर गेले.

दोन दिवसांनी चार्ट लागला. माझं नाव नव्हतं. त्या दोन स्टारवालीचंही नव्हतं. मी ऑफिसबाहेर उभी राहून चार्टचा फोटो काढला. सगळी नावं, सगळे स्टार. शिपाई म्हणाला, "तुझं नाही ना यात? मग फोटो कशाला?" मी म्हणाले, "बघायला."

मी बघणार आहे. यातली कोण टिकली, कोण सुटली, ते पुढच्या निवडीला याच टेबलावर ठेवणार आहे. तोपर्यंत सकाळी मासळी, मग वलांडी. लांब किक मी किनाऱ्यावर शिकतेय, दोऱ्यांपासून दूर. रकाना तोच राहील. मासे विकते.

आणि हिराबाई, तुला लिहून देते. एक दिवस त्या मैदानावर मी टीममधून खेळेन आणि तू आत येशील. टोपलीसकट. पालकांच्या खुर्च्यांमधली पहिली तुझी, दुसरी टोपलीची. कुणी पालक आलेत का विचारलं, तर मैदानाच्या मधोमध उभी राहून तुझ्याकडे हात करीन.