नाळेतला मुगाएवढा फुगवटा

“डॉक्टर, अबॉर्शन आजच होईल का?” गिरीशनं खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. शेजारी त्याची बायको शालिनी. नऊ आठवडे पाच दिवसांची गरोदर, डोळे रडून सुजलेले.

मी मूळची बेळगावची, मल्लेश्वरममधल्या एका सेंटरमध्ये सोनोग्राफी करते. हे दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाहून, जे. पी. नगरहून आले होते. तिकडच्या स्कॅनमध्ये कुणीतरी ठणकावून लिहिलं होतं : बाळाच्या पोटाची भिंत उघडी, आतडी बाहेर. उरलेलं वैद्यकीय शिक्षण गिरीशनं मोबाइलवर पूर्ण केलं होतं.

मी शालिनीच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब लावला. ठोके छान. नाळ पोटाला जोडते तिथं मुगाएवढा फुगवटा. यकृत जागच्या जागी, म्हणजे बाहेर फक्त आतडी.

“या वयात आतडी पोटापेक्षा भराभर वाढतात,” मी म्हटलं. “आत जागा नसते, म्हणून थोडे दिवस नाळेत राहायला जातात. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत परततात. सगळ्याच बाळांचं असं होतं. तुमचंसुद्धा झालं होतं.”

“अक्का, म्हणजे नॉर्मल?” शालिनी पहिल्यांदा बोलली.

“बहुतेक. खात्रीनं तीन आठवड्यांनी सांगेन.”

गिरीश बोम्मसंद्र्यातल्या मशीनच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला. “आमच्याकडे डिफेक्ट दिसला की लगेच रिजेक्ट करतो.”

“अर्धवट जोडलेलं मशीनपण?”

त्यानं तीन आठवड्यांनंतरची तारीख मोबाइलमध्ये टिपून घेतली. आमच्या सेंटरच्या डायरेक्टरांना मात्र हे पटलं नाही. रिपोर्ट हातात धरून म्हणाले, “मॅडम, ‘थांबून पुन्हा पाहा’ हा काय रिपोर्टचा निष्कर्ष झाला? पेशंटला ठाम उत्तर हवं असतं.”

“ठाम उत्तर त्यांना आधीच मिळालंय, सर. म्हणून तर रडत आलेत.”

आव मोठा आणला, पण ते तीन आठवडे मलाही जड गेले. फुगवटा राहिलाच तर? शालिनीला मीच थांबवलं होतं.

बारा आठवडे पाच दिवस. जेलचा गारवा लागताच तिनं डोळे मिटले. पडद्यावर पोट गुळगुळीत, नाळ सरळ आत गेलेली.

“शालिनी, डोळे उघड. सगळं आत गेलंय.”

ती रडली. गिरीशनं तोंड फिरवून चष्मा पुसला, मग विचारलं, “म्हणजे आधीचा रिपोर्ट चुकीचा?”

“फुगवटा खरा होता. तारीख कुणी पाहिली नव्हती.”

गर्भाच्या स्कॅनमध्ये आधी आठवडे मोजावेत, मग दोष शोधावेत. एवढं जमलं तर बऱ्याच आजारांवर कॅलेंडर हाच उपचार असतो.