औषधाच्या गाडीची घुंगरमाळ

आमी दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे औषधाच्या गाडीच्या गळ्यात बैलाची घुंगरमाळ बांधली. गाडीले गळा नसतो, हे मलेही कळते. पण आमच्या बुढीनं आरशाचा दांडा दाखवला अन् म्हणे, "हाच गळा. बांधा."

झालं असं, मेडशीकडून औषधं आणणारी जुनी गाडी डिझलची होती. वेशीवर आली का तिचा खडखडाट चुलीपाशी ऐकू ये. मंग सरकारनं सबसिडी काढली. औषधं पोचवताना धूर कमी व्हावा म्हणे. म्हणून औषधाच्या ठोक दुकानदारानं बॅटरीवरची तीनचाकी घेतली. मागं थंड पेटी, चालवाले बचत गटातली एक बाई. मले पटलं. माणसाले बरं कराचं औषध लोकायले खोकला देत काहून आणाचं?

बुढी माह्या बिडीकडे पाहून बोलली, "धूर कमी केला तर सरकार पैसे देते. तुमी एक बिडी कमी करा, मी एक चहा जास्त देईन."

"गोड?"

"साखर सारी माह्या रक्तात गेली. फिकाच प्या."

पण त्या नव्या गाडीले आवाजच नाई. मांजरीवानी ये अन् जाय. हॉर्न वाजवे, पण रस्त्यावर दिवसभर हॉर्नच वाजतात, कोण उठते? एकदा बुढीची इन्सुलिनची सुई अशीच दारावरून पुढच्या गावाले गेली. सुईबिना तिले दिवसभर गरगरलं. मी लय भ्यालो. तिनं मात्र खुंटीवरची माळ काढली. बैल इकून वर्षं झाली, माळ तिनं इकू देल्ली नव्हती.

सकाळी गाडी आल्यावर बाई म्हणे, "काकू, लोक हासतील ना मले!"

"हासू दे. हासाले तरी बाहेर निघतील."

बुढीनं माळ धरली, मी गाठ मारली. "अशी ढिली? बैल बांधता का बुजगावणं?"

गाडी हालली. समोरचा म्हातारा कोणाचा बैल सुटला म्हणून काठी घेऊन धावत आला, अन् रक्तदाबाची गोळी घेऊन वापस गेला. बुढी ओट्यावर पोट धरून हासली.

दुपारी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्याच्या वाटेतच गेली. सांजेले अग्नी देल्ला. याच्यावर जास्त मले लिहिता येत नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसलो होतो. गाडी आली, पण मुकी. बाईनं घुंगरायले फडकं गुंडाळलं होतं.

"काकाजी, तुमच्या घरी दुःख झालं. दारावरून वाजवत कशी जाऊ?"

"अन् समोरच्याची गोळी? थे बी सुतकात हाये का?"

मी उठलो. फडकं सोडलं. गाठ खरंच ढिली होती, कसून बांधली. बाई तरी बसूनच, म्हणून मीच माळ धरून हालवली. समोरचं दार उघडलं. म्हातारा आला.

या खेपेले काठी आणली नव्हती.