चालतं-फिरतं समुपदेशन

बायको "थोडे दिवस" म्हणून विश्रांतवाडीला बहिणीकडे गेली, त्याला तीन महिने झाले होते. भांडण नाही, तंटा नाही. मी पेपर वाचत होतो, ती बॅग घेऊन दारात उभी राहिली, "निघते" म्हणाली, मी "बरं" म्हणालो. चौतीस वर्षांच्या संसारात आमचं इतकं एकमत फार कमी वेळा झालं असेल.

मुलीला मात्र हे पटेना. "बाबा, तुम्ही कोणाशी तरी बोला." अहो, कोथरूडमधल्या निवृत्त मास्तराला बोलायला माणसं कमी पडतात का? सोसायटीच्या सभेत तर मी एकटाच बोलतो. पण तिला म्हणायचं होतं समुपदेशकाशी. तिने परस्पर वेळही घेऊन टाकली, म्हणजे विषय संपला.

पहिली दोन सत्रं बाईंच्या ऑफिसात झाली. बाई कसल्या, माझ्या मुलीपेक्षाही लहान पोरगी. मंद दिवा, मऊ खुर्ची, टेबलावर कागदी रुमालांचा डबा; रडायची सोय आधीच करून ठेवलेली. "काका, काकू गेल्यावर कसं वाटतंय?" मी म्हटलं, "तुमचं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे." पुढचा अर्धा तास आम्ही दोघं त्या घड्याळाकडे बघत बसलो.

तिसऱ्या वेळी तिने हात टेकले. "काका, आपण टेकडीवर चालता चालता बोलूया. समोरासमोर बसलं की काही जणांना अवघड जातं. शेजारी शेजारी चालताना माणूस मोकळा होतो." घ्या! ज्या टेकडीवर मी वीस वर्षं हौसेने चढतोय, तिच्यावर आता उपचार म्हणून चढायचं. वर तिने गंभीरपणे विचारलं, वाटेत ओळखीचं कोणी भेटलं तर तिची ओळख काय करून द्यायची? सकाळी सहाला त्या टेकडीवर निम्मं कोथरूड असतं, आणि उरलेलं निम्मं, वरच्यांनी काय पाहिलं ते ऐकायला खाली थांबलेलं असतं. मी म्हटलं, भाची म्हणून सांगू.

पहिल्याच वळणावर शेजारच्या इमारतीतले गृहस्थ भेटले. "भाची? तुम्हाला तर बहीण नाही."

"बायकोकडची."

"बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत त्या?"

"म्हणून तर भाची आणलीय."

त्यांच्यावरचा राग पायांत उतरला असावा. मी झपाझप चढत सुटलो. आणि काय झालं कोण जाणे, समोर कोणाचं तोंड नव्हतं म्हणून असेल, पण बोलायला लागलो. म्हटलं, घर खायला उठतं. सवयीने दोघांचा चहा टाकतो आणि एक कप मोरीत ओततो. कोणीतरी बोलत असावं म्हणून टीव्ही चालू ठेवतो. तिला परत ये म्हणायचंय, पण फोन लावला की गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंय तेवढंच विचारतो. ती येणारच नाही अशी भीती वाटते मला. जन्मात पहिल्यांदा मी हे मोठ्याने म्हटलं होतं. आता ही पोरगी काहीतरी बोलेल म्हणून वळलो, तर शेजारी कोणीच नाही. बाईसाहेब शंभर पावलं खाली, कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभ्या.

"हाका मारत होते काका," वर आल्यावर ती म्हणाली. "मला काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा सांगाल?"

"व्यायाम कमी पडतो तुम्हाला," मी म्हटलं.

ती हसली नाही. "काकू यायच्या ना तुमच्याबरोबर इथे? त्या कुठे चालायच्या?"

हा काय प्रश्न झाला? मागे. आमच्या घरात बायका मागेच चालत आल्या. आई वडिलांच्या मागे, ही माझ्या मागे. वर पोचल्यावर मी बाकावर तिची वाट बघायचो, आणि हे मला फार प्रेमळपणाचं वाटायचं.

त्याच दिवशी दुपारी बस पकडून विश्रांतवाडी गाठली. सकाळी जे वाऱ्यावर गेलं, ते सगळं तिला सांगायचं ठरवूनच गेलो होतो. दार तिनेच उघडलं.

"चल, जरा फिरून येऊ. शेजारी शेजारी चालू."

"नको हो. गुडघा दुखतो माझा."

"कधीपासून?"

"चार वर्षं होतील."

चार वर्षं! चार वर्षं ती तसल्या गुडघ्यावर माझ्यामागून टेकडी चढत होती, आणि मी बाकावर बसून "किती वेळ लावतेस" म्हणून कुरकुरत होतो. मला माझीच लाज वाटली. एवढं सगळं बोलायला आलेल्या माझ्या तोंडातून निघालं काय? "मग सांगायचं नाही का?"

ती हसायला लागली. इतकी हसली, की काय झालं ते बघायला बहीण आतून बाहेर आली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते पदराने पुसत ती म्हणाली, "चहा घेऊन जा."

चहा झाला. मी चपला घातल्या, दारात रेंगाळलो. "घरी..." एवढंच जमलं.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली.

एरवी तिच्या त्या वाक्याला "मी येते" जोडलेलं असायचं. मी जिन्यात बराच वेळ थांबलो, पण ते काही ऐकू आलं नाही.