दुसऱ्या आडनावाची मुलं

मामाच्या मुलीवर बहिणीच्या मुलाचा पहिला हक्क, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. माझी मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला गेली तशी थोरली बहीण पेढे घेऊन पवनारहून आली.

"दिवाळी झाली का उरकून टाकू भाऊ. पोरगी घरातल्या घरात राहीन."

मी म्हटलं, "ताई, आधी दोघांचं रक्त तपासू. सिकलसेलसाठी. आईबापांकडून उतरतो तो रक्ताचा आजार."

पेढ्यांचा डबा तिने परत मांडीवर घेतला. "काऊन? माह्या पोरात खोट दिसून राह्यली का तुले?"

खोट मला हिशेबात दिसली होती. आमचा मोठा भाऊ चौदाव्या वर्षी गेला. सांधे ठणकायचे, डोळे पिवळे व्हायचे; घरच्यांनी त्याला कावीळ म्हटलं. वंशावळीत त्याच्यासारखं एकच मूल आणखी सापडलं. पण वंशावळीत लेकी नसतात. आत्यांच्या, बहिणींच्या सासरी फोन केले तेव्हा आणखी तीन निघाली. प्रत्येक घराने आपल्याच आडनावाची मुलं मोजली होती. तीन पिढ्यांतली अकरा लग्नं मी लिहून काढली. त्यांतली सात मामाच्या घरची, आणि पाचही मुलं त्या सातांतली. पाचांपैकी तपासणी फक्त एकाची झालेली, हेही मी वहीत नोंदवून ठेवलं आहे.

"पोराचं राहू दे," मी म्हणालो. "पहिले माझं काढू."

सावंगीच्या दवाखान्यात माझं रक्त तपासलं. मी वाहक निघालो. मग ताईने स्वतःहून हात पुढे केला, तीही वाहक. शेवटी मुलांचे कागद आले. दोघंही वाहक. वाहकाला सहसा त्रास होत नाही, म्हणून आमच्यापैकी कुणाला कधी शंका आली नव्हती. पण आईबाप दोघंही वाहक असले तर लेकरू आजारी निघण्याची शक्यता चारात एक, हे मी ताईला सांगितलं.

"चारात एकच नं," ताई म्हणाली. "तीन तं चांगले होतीन."

मी दोन वाट्या घेतल्या. प्रत्येकीत तुरीचे दोन दाणे टाकले, एक लाल, एक पांढरा. "ही आई, हा बाप. डोळे मिटून दोन्हींतला एकेक काढ. दोन्ही लाल आले तर लेकरू आजारी."

पहिल्यांदा एक लाल, एक पांढरा. दाणे परत टाकले. दुसऱ्यांदा दोन्ही लाल. तिसऱ्यांदाही दोन्ही लाल.

"चारात एक म्हने नं तू?"

"दर खेपेला नव्याने चारात एक. मागच्या लेकराचा हिशेब पुढच्याला लागत नाही."

ते दोन दाणे तिने तळहातावर घेतले. "दादाचंबी असंच झालं असन," ती म्हणाली. मग डबा उघडून तिने माझ्या मुलीला पेढा दिला. "तुह्यासाठी दुसरीकडं पाहू वो."

"मले विचारलं असतं तं मी पहिलेच नाई म्हटलं असतं, आत्या," मुलगी पेढा खात म्हणाली.

यंदा मुलीसाठी केळझरचं स्थळ आलं. बोलणी देण्याघेण्यावर येण्याआधीच ताईने मुलाच्या रक्ताचा कागद मागितला. मुलाची आई दुखावली. "आमच्या घरात असं काई नाई," त्या म्हणाल्या.

"आमच्या घरात हाय," ताई म्हणाली. "मले हाय, माह्या भावाले हाय, पोरीले हाय. तुमच्या पोराले नसन तं बैठक पुढं चालू द्या."

चार दिवसांनी कागद आला. मुलगा वाहक नाही. मी तो दोनदा वाचला, तारीख आणि नाव ताडून पाहिलं, आणि ताईला फोन केला, "बैठक पुढे चालू करू."