कडेवरचा जीव

सत्तरच्या दशकात सिद्धेश्वराच्या दर्शनानंतर मी रोज तळ्याकाठी बसत असे. तेथे नाव चालवणारा एक वृद्ध पूर्वी उतारूंच्या आगबोटीवर खलाशी होता. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. नावेवर त्याने स्वहस्ते आठचा आकडा रंगवला होता, आणि प्रत्येक उतारूच्या खांद्याला बोट लावून तो मोजत असे.

माहेरी आलेली माझी मुलगी दुसऱ्या दिवशी सासरी परतणार होती. तत्पूर्वी नातवासह एकदा नावेत बसावे, एवढीच माझी इच्छा. नावेत आधीच सहा उतारू होते. नातवाला कडेवर घेऊन मुलगी चढली, मागून मी. मोजत मोजत तो नातवापाशी थांबला.

"नऊ झाले. एकानं उतरा."

"कडेवरचं मूल कोणी मोजतं का?" मी विचारले.

"आमी मोजतो की, गुरुजी. आदी जहाजाच्या वजनावर जीव वाचवायच्या होड्या ठरवायचे, मानसं धरायचेच न्हाईत. लई मानसं बुडाली, तवा कायदा झाला. जेवढे जीव, तेवढी जागा. पोर कडेवर असलं तरी जीव पुरा हाय."

"अहो, हे तळं आहे, समुद्र नव्हे," एक उतारू हसला.

"बुडायला तेवडं बी पुरतं," तो शांतपणे म्हणाला.

मी उतरलो आणि नाव परतेपर्यंत काठावर उभा राहिलो. सर्वांभूती एकच आत्मा वसतो, हे मी जन्मभर पठण करीत आलो होतो.

घरी जाताना बसच्या वाहकाने विचारले, "दोघंच ना?"

"तिकिटे दोन द्या," मी म्हणालो, "माणसे तीन आहेत."